निजवायची चाल, उठवायची चाल

आप्पा मला आधी ऐकू आले आणि मग दिसले. दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या आमच्या व्हिलाचे मालकानं चार भाग पाडले होते आणि आमच्या व शेजारच्या बिऱ्हाडामध्ये जी भिंत उभी केली होती, ती भिंत कमी आणि पडदा जास्त होती. पलीकडची फोडणी, पलीकडची शिंक, पलीकडचा फोन, सगळं आमच्या दिवाणखान्यात हक्कानं येऊन बसे. त्या वर्षी उन्हाळा तापू लागला तसा त्या भिंतीतून एक नवाच आवाज यायला लागला. कुणीतरी लाकडावर बोटांनी ठेका धरत असे. दोन ठोके सावकाश, तीन घाईचे, मग किंचित विसावा. पुन्हा दोन सावकाश, तीन घाईचे. सकाळचा उजेड धुळीतून गाळून पिवळसर होऊन खिडकीशी येई, आणि त्या उजेडाबरोबर तो ठेका येई. मी चहा गाळता गाळता त्या तालावर मान डोलवत असे, आणि हा कोण प्राणी आहे या विचारानं माझा चहा निवून जाई.

बाहेर त्याहून मोठा ठेका चालू होता. फुटबॉलचा विश्वचषक अजून दूर होता, पण साऱ्या दोह्याचं लग्नघर झालं होतं: मुहूर्त लांब आणि मांडवाची घाई आजच. काल ज्या रस्त्यानं भाजी आणली तो आज नारिंगी पाट्यांनी बंद झालेला असे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाया ठोकणारं एक अजस्र यंत्र दिवसभर जमिनीच्या छातीवर धप्प धप्प करत असे. कपाटातल्या वाट्या त्याला साथ देत. आम्हां बायकांच्या बोलण्यातही मधेच थांबून ठोका पडू द्यायची आणि मग पुढचं वाक्य बोलायची एक सवय शिरली होती.

एके दिवशी ठोक्यांच्या फटीतून भिंतीपलीकडचे शब्द ऐकू आले. "इंगे ये. बैस. अस्के जेवले की?" माझ्या हातातली पळी हातातच राहिली. शब्द कळत होते, नव्हतेही. पण त्यांची हाड-पेरं माझ्या ओळखीची होती. जुन्या बखरीतलं कुणी उठून शेजारच्या स्वयंपाकघरात पाणी पीत असावं, असं काहीतरी वाटलं. संध्याकाळी नवरा लुसैलच्या साइटवरून धुळीचा पुतळा होऊन परतला, तेव्हा मी त्याला दारातच सांगितलं, की शेजारी कुणी मराठी आजोबा आलेत, बहुतेक खूप आतल्या खेड्यातले.

"अगं, दारावरची पाटी तरी वाच," तो बूट काढत म्हणाला. "तमिळ माणसं आहेत ती. तुला सगळीकडे नाशिकच दिसतं."

नस्त्या चौकशा हा माझा जुना आजार. दुसऱ्या दिवशी थालीपिठाची ताटली घेऊन मी ती पाटी वाचायला गेले.

दार जानकीनं, त्या आजोबांच्या नातीनं, उघडलं. सात-आठ महिन्यांचं पोट, कानाला फोन, चेहऱ्यावर ऑफिस. तिच्यामागे खिडकीच्या चौकटीत ते बसले होते: पांढरं धोतर, खादीचं उपरणं, कातडीखालून हाडांचा हिशेब लागावा इतकं किरकोळ शरीर, आणि त्या शरीराला न शोभणारे मोठाले, सावध कान. पुढे तमिळ वर्तमानपत्र, आणि उजवा हात खुर्चीच्या हातावर, बोटं वाजत असलेली. माणसं पाहुण्याच्या डोळ्यांकडे बघतात, हातांकडे बघतात. आप्पा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत. माझं पहिलं वाक्य संपेतो त्यांच्या मुद्रेवर जे कुतूहल फुललं, ते मी पुढे लहान मुलांखेरीज कुठे पाहिलं नाही. ते हळूच म्हणाले, "बाळे, तू आमचं घर बोलतेस."

मग उलगडलं. कावेरीकाठच्या एका गावातल्या मराठी बिऱ्हाडांच्या आळीत सेतुराव, म्हणजे आमचे आप्पा, जन्मले. पूर्वज कधी काळी महाराष्ट्रातून फौजेबरोबर तंजावरकडे उतरले ते तिथलेच झाले. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. 'अस्के' म्हणजे सगळे आणि 'इंगे' म्हणजे इकडे. पिढ्यान्‌पिढ्या ही मराठी दुधासारखी घरातच तापली आणि घरातच आटली. आणि हे आप्पा कवी होते. तमिळचे. देशावर गाणी लिहिणारे, त्यासाठी पोरवयात तुरुंगाची भाकरी खाल्लेले, पुढे शाळेत तमिळ शिकवता शिकवता म्हातारे झालेले कवी. दोन बारीक संग्रह निघाले होते. ते आता कुठे मिळत नाहीत. पण मिसरूडही फुटलं नव्हतं त्या वयात लिहिलेलं एक गाणं मात्र उरलं. प्रभातफेरीसाठी लिहिलं होतं. ऊठ गावा, दिवा विझव, उजाडलं आहे. नदी आपली आहे, वाट आपली आहे: असा काहीसा त्याचा अर्थ त्यांनी मला सांगितला. ते अजून त्यांच्याकडच्या शाळांतून म्हणतात. पाठ्यपुस्तकात खाली कवीचं नाव नसतं. 'जुने गीत' इतकंच असतं.

"आप्पांना त्याचं काही वाटत नाही," जानकी इंग्रजीत म्हणाली. ती घरची मराठी समजत असे, उत्तर मात्र तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत देई. आप्पाही हसून म्हणाले, की नाव गळून पडलं म्हणजे गाणं पोचलं. तोंडानं असं म्हणताना त्यांचा हात उपरण्याचं टोक चुरगाळत होता. त्यांना वाटत होतं. चांगलंच वाटत होतं.

त्या दिवसापासून माझ्या दुपारी तिकडे जाऊ लागल्या. जानकीची आई ती लहान असतानाच गेली. आजी-आजोबांनी तिला वाढवलं. आजीही आदल्या वर्षी गेली, आणि बाळंतपणाला घरचं माणूस हवं म्हणून जानकीनं आप्पांनाच व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. सासूबाई आजारी, नवरा अरविंद साइटवर. तेव्हा बाळंतिणीच्या दिमतीला हा एक नव्वदीकडे झुकलेला कवी, ज्याला साधी पेज करता येत नव्हती. पेज मी करत असे. ते खिडकीतून गाव पाहत.

त्यांचं पाहणं म्हणजे विचारणं होतं. क्रेनच्या टोकावर दिवा का असतो? वाळूत झाड लावलं तर त्याला पाणी कोण सांगतं? एकदा उन्हं उतरताना कामगारांच्या बसेस समोरून गेल्या. खिडक्यांना टेकलेल्या माना, मिटलेले डोळे. आप्पा बराच वेळ त्या बसेसच्या मागे राहिलेली धूळ बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी माणसं एक काम करतात. मग यांचं गाणं कुठं आहे?" आमच्याकडे चुन्याची घमेली उचलतानाही बायका गात, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, इथे यंत्र गातं. त्यांना हे पटलं नाही. यंत्राला ताल असतो, चाल नसते, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि खुर्चीच्या हातावर बोटं पुन्हा सुरू झाली. तो ठेका त्या प्रभातफेरीच्या गाण्याचा होता. त्यांच्या बोटांत तो श्वासासारखा होता. त्यांनाही तो कळत नसावा.

मुलगी झाली. नाव आधीच ठरलं होतं, आप्पांच्या आईचं: अंबुजा. आणि तिथे सगळं अडलं.

त्यांच्या आळीत बारशाची एक रीत होती. पाळण्यात घालताना गाणं घरच्याच बोलीत व्हायचं, तमिळमध्ये नाही. आणि प्रत्येक घराचा पाळणा वेगळा. तो सासूनं सुनेला द्यायचा, आणि लेकीच्या पहिल्या बाळालाही माहेरचाच म्हणायचा. पुरुषांनी त्या वेळी उंबऱ्याबाहेर थांबायचं. आप्पांच्या घरचा पाळणा त्यांच्या आईकडून बायकोकडे आला होता, आणि बायकोबरोबर गेला होता. जानकीला आजी काहीतरी गुणगुणायची एवढंच आठवत होतं. काय, ते नाही. आयुष्यभर सगळी कामं पुढे ढकलता येतात तशी हीही ढकलली गेली, आणि मग ढकलायला पुढे कुणी उरलं नाही.

"आंटी, प्लीज यू सिंग," जानकी म्हणाली. "यू आर मराठी, इट काउंट्स. ऑर आय विल प्ले समथिंग फ्रॉम यूट्यूब, खलास."

ती सहज बोलली. पण आप्पांचा चेहरा मी पाहत होते. या घरात पहिल्यांदाच एक मूल मुक्यानं किंवा उसन्या गाण्यानं पाळण्यात जाणार होतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत. मी मोठ्या तोऱ्यात माझ्या आईचा नाशिकचा पाळणा म्हणून दाखवला. माझा गळा बरा आहे असं मला अजूनही वाटतं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, हात जोडले आणि म्हणाले, "चोखट. पण ते तुझ्या आईचं." मला जरासा रागच आला. मग मी म्हटलं, आप्पा, तुम्ही कवी आहात ना, लिहा की एक! अख्ख्या गावाला उठवलंत, एका पोरीला निजवता येत नाही?

ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मात्र ते बसले. पेन घेऊन, कपाळ चोळत, ओठ हलवत बसले. हजारांना हाक मारणारे त्यांचे शब्द पाळण्याशी आले की अवघडून उभे राहत. लग्नात आलेल्या पोलिसासारखे. "गर्दी समोर असली की लिहिता येतं," ते एकदा थकून म्हणाले. "ही एकटी आहे. आणि ती माझ्याकडेच बघते." कागद चुरगळले गेले. बारसं जवळ आलं. व्हिसाही संपत आला होता; बारशानंतर लगेच त्यांना परत जायचं होतं.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा इथला नियम आहे. त्या वेळी यंत्र थांबे आणि गल्लीवर एकदम शांतता पडे. आम्हाला बरं वाटे. त्या पोरीला नाही. ती त्या धपधपाटातच जन्मली, तोच तिचा अंगाईचा ठोका. यंत्र थांबलं की ती दचकून उठे आणि टाहो फोडे. त्या दुपारी मी अळिवाचे लाडू घेऊन गेले तेव्हा जानकीला गाढ झोप लागलेली, पोरगी रडून लालबुंद झालेली, आणि आप्पा एकटेच पाळण्याशी उभे, घामाघूम.

त्यांना काही सुचलं नाही तेव्हा बोटांना जे येत होतं ते त्यांनी केलं. पाळण्याच्या लाकडावर ठेका धरला आणि ते गाणं म्हणायला लागले. प्रभातफेरीचं. तान्ह्या मुलीला! ती आणखीच रडू लागली. मी पुढे झाले, पण त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी लय कमी केली. मग आणखी कमी केली. दोन ठोके सावकाश, आणि आता ते तीनही सावकाश. त्यातला मोर्चा गळून गेला. पावलं गळाली, झेंडे गळाले. उरली ती फक्त एक चढून उतरणारी रेघ, दोरीनं ओढलेल्या पाळण्याच्या येण्याजाण्याइतकी लांब. त्यांच्या तोंडी तमिळ शब्द त्या संथ चालीवर बसेनात, आणि मग ते शब्द आपोआप थांबले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. आवाज म्हाताऱ्याचाच होता, पण त्या शब्दांना वय नव्हतं.

*नीज माझ्या राया, दिवा मंदावला,*
*कावेरीच्या पाण्यात चांद विसावला,*
*जो जो रे जो जो.*

पोरगी उसासे टाकत निजली. आप्पा पाळण्याची दांडी धरून खाली बसले आणि रडले. मीही रडले, लाडवांची ताटली हातात घेऊन रडणं फार गैरसोयीचं असतं.

नंतर त्यांनी जे सांगितलं, ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. फेरी पहाटेची ठरली, शब्द तयार होते, चाल नव्हती. तेव्हाच्या त्या पोराच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या, पोतडीत चाल एकच होती, आईची. तीच त्यानं पळवली आणि दौडती केली. सोबत्यांना कळलं असतं, की लाठ्यांपुढे आपण पाळणा म्हणत जातो आहोत, तर त्यांनी त्याला हसून हसून मारलं असतं; म्हणून तो गप्प राहिला. पुढे कुणी लिहिलं, की ही चाल इंग्रजांच्या बँडवरून उचललेली आहे. आप्पांनी तेही तसंच राहू दिलं. मग ती चाल इतकी दौडली, की मूळ कुठलं ते त्यांचे स्वतःचेच कान विसरले. फेरी निघाली त्या पहाटे आई दारात उभी होती. ती ओळखून होती; तिचा हात दाराच्या चौकटीवर हलकेच ताल धरत होता, इतकं त्यांना आत्ता या वयात, या वाळवंटात, आठवलं.

"त्याच चालीत आईनं मला निजवलं," ते म्हणाले, "त्याच चालीत मी गांव उठवलं."

पण आठवलं होतं ते एकच कडवं. पुढची गेली होती. ते कडवं त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडी ते नाशिकचं होऊन बसे, आणि ते मान हलवत. आणि ते स्वतः म्हणणार कसे? पुरुष उंबऱ्याबाहेर.

बारशाला जानकीच्या ओळखीच्या तमिळ बायका आल्या, गजरे माळून, कांजीवरम नेसून. खोलीत पाळणा, पाळण्याभोवती आम्ही, आणि रीतीप्रमाणे आप्पा दाराबाहेर बोळात, खुर्चीवर. नाव ठेवायची वेळ आली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला, आणि मला सूरच लागेना. तेव्हा जानकी उठली. भाड्यानं आणलेला तो चाकांचा पाळणा तिनं ढकलत ढकलत थेट उंबऱ्यापर्यंत नेला, अगदी उंबऱ्याला टेकवला. आप्पा बाहेरच राहिले, पाळणा आतच राहिला. आणि माझ्या देखत कधी मराठीत उत्तर न दिलेली ती मुलगी म्हणाली, "आप्पा, म्हणा."

त्यांनी कडवं म्हटलं. राया काढून बाळे घातलं. कडवं संपलं, आणि पुढे काही नव्हतं. त्यांची बोटं लाकडावर पडत राहिली, ओठ उघडे राहिले, शब्द आला नाही. तेवढ्यात माझ्या शेजारच्या एका जाडजूड बाईनं मान वर केली. तिनं चाल ओळखली होती. शाळेच्या मैदानात, उन्हात रांगेत उभं राहून म्हटलेली ती चाल तिच्याही अंगात होती. ती अगदी हळू तमिळमध्ये पुढचं म्हणू लागली. मग दुसरी. मग सगळ्याच. पाळण्याच्या लयीत, कुणी न सांगता. ऊठ गावा, दिवा विझव, उजाडलं आहे. आणि त्या शब्दांवर ती चिमुरडी डोळे मिटू लागली. कवी कोण हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. जानकीनं सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण आप्पांनी बोट ओठांवर ठेवून तिला गप्प केलं. या खेपेला त्यांचा हात उपरणं चुरगाळत नव्हता.

ते परत गेले. हिवाळ्यात जानकीनं भिंतीवर टकटक केली, दारात येण्याचं त्राण नव्हतं तिला, आणि मी समजले, आप्पा गेले. पुढे तीही दुसऱ्या देशी गेली. भिंतीपलीकडे नवी माणसं आली. ती फार बोलत नाहीत. यंत्रं हलली, रस्ते उघडले, आणि ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो खेळ एकदाचा आला.

नवऱ्यानं लुसैलच्या मैदानाची तिकिटं आणली होती. "यल्ला, चला," म्हणत त्यानं मला गर्दीतून ओढत नेलं. चेंडूतलं मला काही कळत नाही. पण खेळ सुरू होण्याआधी पलीकडचे सारे लोक उभे राहिले आणि आपल्या भाषेत काहीतरी गाऊ लागले. चेहरे रंगवलेले, मुठी आवळलेल्या, आवाज आभाळाला धडक देणारा. कुठला देश, कसले शब्द, मला ठाऊक नव्हतं. माझी बोटं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर आपोआप पडायला लागली. मग मी तो ठेका मनातल्या मनात हळू केला, आणखी हळू केला, आणि त्या गर्जनेच्या तळाशी एखादा मंदावलेला दिवा दिसतो का ते पाहत राहिले. माणूस जातो, त्याचं नाव पुसलं जातं, शब्द दुसऱ्यांचे होतात. मागे एखादी चाल तेवढी राहते, आणि ती कुणाच्या आईची होती, हे विचारणारं कुणीतरी उरलं, तर तो माणूसही राहतो.